उजवीकडची बेचकी बरगडी

मित्रांनो, मी एक जुनी बरगडी आहे. उजवीकडची, वरून मोजत आलात तर पाचवी. मोजताना तुमची थोडी फसगत होईल, कारण पुढच्या टोकाला मी एक नाही, दोन आहे. पाठीच्या मणक्यापासून मी अगदी शहाण्यासारखी निघते, काखेखालून वळसा घेते आणि छातीवर येता येता पेरूच्या फांदीसारखी माझी बेचकी होते. माझा धनी पेनीआमिना आता म्हातारा झाला आहे. सामोआच्या बेटावर, वाइलोतो गावच्या किनाऱ्याला, भिंती नसलेल्या आपल्या फालेत, म्हणजे घरात, तो चटईवर मांडी घालून बसतो, कोको पितो आणि खोकतो. खोकला आला की त्याचे लक्ष जाते फुप्फुसाकडे. धडधडले की हृदयाकडे. माझ्याकडे कोण बघतो? पण हाडाला कान नसले तरी आवाज हाडातून फार छान जातो, आणि मी हृदयाच्या व फुप्फुसाच्या शेजारी जन्म काढला आहे. तेव्हा सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे, आणि आज मी ते सांगणारच.

माझा जन्म पेनीच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तो आईच्या पोटात वाटाण्याएवढा होता तेव्हाची गोष्ट. हातपाय अजून नुसते कोंब होते, एक वळलेली शेपटी मात्र होती. (हे तो आता कबूल करणार नाही.) त्याच्या पाठीच्या मधोमध एक नाजूक नळी होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना ओळीने मांडलेले चिमुकले ठोकळे. आम्ही सगळे त्या ठोकळ्यांतून आलो. प्रत्येक ठोकळ्याने आपली वाटणी केली आणि ती भांडणतंटा न करता केली, जे भावाभावांच्या वाटणीत सहसा घडत नाही. आतल्या वाट्यातून मणके आणि आम्ही बरगड्या झालो. बाहेरच्या वाट्यातून स्नायू झाले आणि पाठीची कातडी झाली.

बरगडीचा कोंब खरे तर प्रत्येक मणक्याला फुटतो. मानेच्या मणक्यालाही फुटतो, कमरेच्याही. ते कोंब जागच्या जागी थबकतात. आम्ही छातीवाल्या मात्र थबकलो नाही. समोर हृदय उघड्यावरच धडधडत होते, त्याच्यावर छप्पर घालायला कोणी तरी हवे होते. आमच्या भाषेत फालेच्या छपराच्या वाशांना आणि आम्हा बरगड्यांना जवळजवळ एकच नाव आहे, ते उगीच नाही. घर फिरले की घराचे वासे फिरतात असे तुम्ही म्हणता. आम्ही वासे कधी फिरलो नाही, एवढे मात्र छातीठोकपणे सांगते.

तर आम्ही पुढे निघालो. समोरून दोन पट्ट्या एकमेकींकडे सरकत आल्या आणि छातीच्या मध्यावर, वरून खाली शिवण घालत जावे तशा जुळल्या. त्याचेच पुढे छातीचे मधले हाड झाले. मी तिथे पोचले ती बेचकी होऊनच. का, ते मला विचारू नका. शिकल्यासवरल्यांनाही ते नीट सांगता येत नाही. आमच्या बेटांवर अशा बेचकी बरगड्या बऱ्याच सापडतात, त्यामुळे मला स्वतःची लाज कधी वाटली नाही. तेव्हा मी कूर्चेची होते, कानाच्या वरच्या कडेसारखी लवचीक. मग पाठीकडच्या वळणापाशी हाड धरू लागले आणि हळूहळू पुढे सरकले. माझ्या खालच्या काठाला एक पन्हळ तयार झाली. तिच्यातून एक नीला, एक धमनी आणि एक मज्जातंतू असे तिघे आजतागायत शिस्तीत एकाखाली एक जातात.

पेनी जन्मला त्या वेळी आम्ही साऱ्या बरगड्या आडव्या होतो. पहिल्या श्वासाचे खरे काम आमच्या तळाशी असलेल्या पडद्याने केले, आम्ही नुसत्या हललो. पण मित्रांनो, त्या हलण्यात काय आनंद होता! तोवर सगळे पाणीच पाणी होते, आणि आता एकदम वारा. पोरगे चालायला लागल्यावर आम्ही तिरक्या झालो, आणि मग बादलीची कडी उचलावी तशा प्रत्येक श्वासाला वर उचलल्या जाऊ लागलो. त्यानंतर एक दिवस सुट्टी मिळालेली नाही.

कामाची वर्षे मजेत गेली. पेनी माडावर सरसर चढे, तेव्हा आम्ही खोडाला घासून निघत असू. रविवारी चर्चमध्ये तो खर्जात गाई, तेव्हा आम्ही सगळ्या मिळून घुमत असू. पण त्याच्या छातीचे खरे कौतुक झाले ते ‘तावाए’मुळे. तावाए म्हणजे आमच्या गावची शर्यतीची लांबच लांब नाव. चाळिसाहून जास्त माणसे तिच्यात बसून वल्ही ओढतात, आणि स्वातंत्र्यदिनाला राजधानी आपियाच्या बंदरात सगळ्या गावांच्या नावांची शर्यत लागते. आमच्या गावची रीत अशी की ज्या फळीवर बाप बसला त्या फळीवर मुलाने बसायचे. पेनीचा बाप उजव्या बाजूच्या मधल्या फळीवर बसत असे. बाप गेल्यावर काही वर्षे ती जागा चुलत्याने सांभाळली, आणि ज्या वर्षाची ही गोष्ट त्या वर्षी ती पहिल्यांदा पेनीला मिळाली. त्या आनंदात त्याने छाती इतकी फुगवली की माझे सांधे करकरले.

शर्यतीला थोडे आठवडे उरले असताना मला चीर गेली.

कोणाचा धक्का लागला नाही की पडझड झाली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वल्हे ओढताना पाठीवरचा रुंद स्नायू हाताला मागे खेची, खवाट्याखालचा दातेरी स्नायू मला पुढे खेची, आणि मी मधे सापडले. दोघांच्या ओढाताणीत काखेखाली, वळणावर, केसाएवढी चीर पडली. मी लगेच कळवले. दुखणे ही माझी एकच भाषा आहे, ती मी बोलले. पेनीने ऐकले आणि ओठ मिटून घेतले. सांगितले तर जागा जाईल, ही त्याची भीती. वल्हे मारताना तो श्वास अर्धाच घेऊ लागला.

पण फुआतिनो आत्याच्या नजरेतून काही सुटत नाही. ही पेनीच्या वडिलांची बहीण. आमच्याकडे आत्याचा मान मोठा, त्यातून ही गावची मालिश करणारी वैदीण. रविवारच्या जेवणाला पेनी डाव्या हाताने तारोचा उकडलेला कंद उचलताना तिला दिसला. तेवढ्यात त्याला शिंक आली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आडवा हो,” आत्या म्हणाली.

“काही नाही गं आत्या, जरा उसण भरलीय.”

“मी विचारलं का काय झालंय? आडवा हो म्हटलं.”

आता तुम्हाला तोआलाबद्दल सांगायला हवे. आमच्या गावात सगळे मानतात की प्रत्येकाच्या बेंबीखाली तोआला राहतो. माणूस फार दमला, घाबरला, उपाशी राहिला की तो रुसून जागा सोडतो आणि वर चढतो. मग खोबरेल चोळून, दाबत दाबत त्याला घरी आणावे लागते. आत्याने तेल लावले, पोट चाचपले, तिथे तिला काही सापडेना. हात वर सरकवत ती छातीवर आली आणि तिची बोटे नेमकी माझ्या बेचकीवर थांबली.

“सापडला,” ती म्हणाली. “बघ कसा बसलाय इथे, दोन पाय फाकून. इतक्या वर चढलेला तोआला मी जन्मात पाहिला नाही.”

आणि तिने मला दाबायला सुरुवात केली. खाली, बेंबीकडे. मी जन्मापासून इथेच राहते, हे मी तिला कसे सांगणार? पेनी गुरासारखा ओरडला. आत्या म्हणाली, “ओरड. तोआलाला ओरडलेलं आवडत नाही, लवकर उतरेल.”

मी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तेव्हा आत्या काठी टेकत थेट नावेच्या कप्तानाकडे, तुइओतीकडे गेली आणि चारचौघांत म्हणाली, “माझ्या भाच्याचा तोआला छातीत अडकलाय. तो खाली येईपर्यंत हा नावेत बसणार नाही.” आत्याचा शब्द मोडायची कोणाची छाती होती? पेनीचे वल्हे खांबाला टेकले.

गावाला मग काय, आयतेच कोलीत मिळाले. “पेनी, वरच्या मजल्यावर हवा बरी आहे का रे?” असे कोणी विचारी. “खालची जागा रिकामी झालीय म्हणे, आमच्या डुकराला देतोस का राहायला?” असे दुसरा. पेनी हसायला जाई आणि कळवळे. बरगडी दुखत असताना हसणे म्हणजे काय, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

शेवटी आत्याच चिडली. “हॉस्पिटलात चल. त्यांच्या फोटोत तरी दिसेल हा मेला किती हट्टी आहे ते.”

गाडी चालवायला आउकुसो आला. हा पेनीच्या थोरल्या बहिणीचा, लोसाचा नवरा. दुसऱ्या गावचा, पण लग्नानंतर आमच्याकडेच राहिलेला घरजावई. आमच्याकडे घरजावयाने पहाटे उठून दगडांची चूल तापवायची, सगळ्यांना वाढायचे आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. आउकुसो ते सगळे हसतमुखाने करी. त्याची पाठ फालेच्या दोन खांबांमध्ये मावायची नाही इतकी रुंद होती, पण नावेत बसायचा त्याला हक्क नव्हता. त्याच्या बापाची फळी आमच्या नावेत कुठली असणार?

हॉस्पिटलात डॉक्टर तालिता नावाची तरुण बाई होती, आमच्याच बेटावरची. तिने माझा फोटो उजेडासमोर धरला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी मला पाहत होते. मी जमेल तेवढी ताठ उभी राहिले.

“आत्या, हा बघा तुमचा तोआला,” डॉक्टर म्हणाली. “ही बरगडी आहे. जन्मापासूनच अशी, बेचकीची.”

आत्या फोटोजवळ वाकली. “म्हणजे मी इतके दिवस हाड दाबत होते?”

“हो.”

“मग सांगायचं नाहीस का रे मेल्या?”

“आत्या, मी ओरडत होतो.”

“ओरडतात सगळेच. त्यातलं हाडाचं कुठलं, मला काय कळणार?”

डॉक्टरला हसू आवरेना. मग तिने बोट काखेखालच्या वळणावर नेले आणि ती गंभीर झाली. “खरं दुखणं इथे आहे. चीर पडलीय. आणखी थोडे दिवस वल्हं ओढलं असतं तर मोडून आत फुप्फुसात घुसली असती. दीड महिना विश्रांती. ओरडायचंही नाही.”

“म्हणजे मी थांबवलं ते बरोबरच केलं,” आत्या सावरून बसली.

“कारण चुकलं, पण औषध बरोबर दिलंत.”

“औषध बरोबर असलं की झालं,” आत्या म्हणाली.

पेनीने मात्र बोटांवर दिवस मोजले. दीड महिना म्हणजे शर्यत गेली. बापाची फळी पहिल्यांदा मिळाली होती, ती शर्यतीत बसण्याआधीच गेली. हृदय शेजारी जड जड ठोके देऊ लागले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले असणार, कारण आम्ही बरगड्या हुंदका दाबताना हलतो तशा हललो.

त्याचे मन दुसरीकडे वळवावे म्हणून असेल, डॉक्टरने भिंतीवरचे चित्र दाखवले. “तुझ्या बरगडीची चूक नाही. हे ओढणारे स्नायू बघ. पाठीच्या आत, कण्याला लागून आहेत ते मूळचे पाठीचे. पण वरचा हा रुंद स्नायू, ज्याच्या जोरावर तू वल्हं ओढतोस ना, तो पाठीचा नाहीच. पोटात असताना तो हाताच्या कोंबात तयार होतो आणि मग सरकत सरकत पाठीवर येऊन राहतो. अजून त्याचा मज्जातंतू हाताकडूनच येतो.”

आत्याने दाराशी गाडीची किल्ली घेऊन उभ्या असलेल्या आउकुसोकडे पाहिले. “म्हणजे घरजावईच की.”

“आणि सगळ्यात जास्त ओढतो तोच,” डॉक्टर म्हणाली.

आउकुसो लाजून खाली बघू लागला. पेनी हसला, कळवळला आणि पुन्हा हसला. पण घरी येईपर्यंत त्याचे हसू मावळले होते.

कारण आता कप्तान विचारणार होता, “तुझ्या जागी कोण?” रिकाम्या फळीवर कोणाला बसवायचे ते फळीच्या धन्यानेच सांगायचे असते. चुलता आता थकला होता. पेनीला चुलत भाऊ होते, पण त्यांच्यातले दोघे कामाला परदेशी गेलेले आणि तिसऱ्याची वल्ह्यापेक्षा जेवणावरच भिस्त. गावात पाठ म्हणावी अशी पाठ एकाचीच शिल्लक होती, हे पेनीलाही दिसत होते. पण बापाची जागा घरजावयाला द्यायची? लोक शेण घालतील तोंडात. दोन दिवस तो फालेच्या खांबाला पाठ लावून बसून राहिला. माणूस असा रुसून बसला की आमच्या मधले स्नायू ताठरतात आणि श्वासाची मजाच जाते.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. बहिणीने काही मागितले तर भावाला नाही म्हणता येत नाही. मला वाटले, आता लोसा येईल आणि नवऱ्यासाठी जागा मागेल. ती आली. नारळाच्या दुधात शिजवलेल्या तारोच्या पानांची पालुसामी भावापुढे ठेवून शेजारी बसली.

“मी मागणार नाहीये,” ती म्हणाली.

“का?”

“मागितलं तर तुला द्यावंच लागेल. मग ते मी घेतलेलं होईल, तू दिलेलं नाही. जेव आता.”

एवढे बोलून ती उठून गेली. पेनीने घास घेतला नाही. कितीतरी वेळाने त्याने श्वास सोडला, लांबलचक, आणि मला कळले की काही तरी ठरले आहे.

संध्याकाळी बैठकीत त्याने आउकुसोचे नाव सांगितले. कुजबुज झाली. कप्तान तुइओती म्हणाला, “लोक हसतील पेनी.”

“हसू देत,” पेनी म्हणाला. “मला सध्या हसता येत नाही, माझ्या वाटचं त्यांनी हसावं.”

मग शिकवणी सुरू झाली. पेनी आपली पाठ उघडी करून बसे आणि म्हणे, “दाजी, इथे तळवा ठेवा. वल्हं मनगटानं ओढायचं नाही. आधी पाय, मग कंबर, मग हे बघा, पाठ उघडते तशी उघडू द्यायची. हाताला शेवटी कळलं पाहिजे.” तो हलकेच, वल्हे नसताना, ओढण्याची नक्कल करी. आउकुसोचा मोठा उबदार तळवा माझ्या मागच्या टोकावर टेकलेला असे. “दाजी, तुम्ही चूल फुंकताय का? श्वास सोडा ना ओढताना.” “दाजी, खांदे कानाला लावू नका, ऐकायला येतंय तुम्हाला.” आउकुसो चुके, हसे, पुन्हा करी. एकदा त्याने विचारले, “पेनी, तुला वाईट नाही वाटत?” पेनी म्हणाला, “वाटतं ना. जरा जोरात ओढा, म्हणजे कमी वाटेल.”

या दिवसांत माझ्या चिरेभोवती मऊ कूर्चा धरत होती आणि तिचे हाड होत होते. पेनीने मला जपले, आत्याने खोबरेल लावले. आता ती माझ्या बेचकीवरून हात फिरवताना जरा अदबीने फिरवी.

शर्यतीच्या दिवशी बंदराच्या बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. बँडचे पितळी सूर, माणसांच्या आरोळ्या, आणि दूर पाण्यावर बारीक रेघांसारख्या नावा. आत्या पेनीच्या शेजारी उभी होती. “तोंड बंद ठेव,” ती बजावत होती, “बरगडी आहे.” नावा जवळ आल्या. आमची तावाए तिसरी होती. मग, कसे ते देव जाणे, मधल्या फळीपासून एक जोर उठला आणि सगळ्या नावेत पसरला. वीस वर्षे मागे मागे येणारी आमची नाव दुसऱ्या नावेच्या बाजूला आली, मग तिच्या पुढे गेली.

पेनीने तोंड उघडले. मला कळले काय होणार आहे. अर्ध्या भरलेल्या चिरेनिशी मी सारे बळ एकवटले, बाकीच्या भगिनी वर उचलल्या गेल्या, पडदा खाली दबला, आणि त्या छातीतून अशी आरोळी निघाली की आत्याची टोपी उडाली. “ओढा दाजी!” दुखले? दुखले तर. पण मित्रांनो, मी बरगडी आहे. असल्या आरोळीसाठीच तर मी वाटाण्याच्या पाठीतून निघाले होते.

तावाए दुसरी आली. पहिल्या आलेल्या गावाने काय नाच केला असेल तो असो, दुसऱ्या आलेल्या वाइलोतोने त्याच्या दुप्पट केला. आउकुसो चिंब भिजून वर आला आणि वल्हे दोन्ही हातांवर आडवे धरून पेनीपुढे उभा राहिला.

“तुझं आहे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी तू बस.”

पेनीने वल्हे घेतले, एकदा हाताने पुसले आणि त्याच्याच हातात परत दिले. “फळी तुमची, दाजी. तुमच्या पोरालाही तीच.” मग त्याने मिठी मारली. ओल्या, रुंद, घामट छातीवर मी चेपली गेले. डॉक्टरने बघितले असते तर ती ओरडली असती. मी ओरडले नाही.

मित्रांनो, आता माझी कूर्चा कडक होत चालली आहे आणि बादलीची कडी पूर्वीसारखी उचलत नाही. मला तुमच्याकडून फार काही नको. पाठीला पोक काढून बसू नका, रोज एकदा तरी पोटभर श्वास घ्या, आणि आतून कोणी दुखून सांगत असेल तर ओठ मिटून घेऊ नका. पेनीने माझे ऐकले नव्हते तेव्हा तो नावेत असूनही एकटा होता. चीर भरल्यावर कप्तानाने त्याला विचारले, “तुला कुठली जागा देऊ?” वल्हे ओढणारे नावेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या समोरच्याची पाठच दिसत असते. पेनीने अशी फळी मागितली जिथून त्याला सगळा वेळ आउकुसोची पाठ दिसेल, आणि त्या फळीवर तो वल्हे हातातून सुटेपर्यंत बसला.